एक फाइल की दोन? आधी प्लॉट कुणाचा ते ठरवा

वाचकाचं पत्र (नाव-गाव वगळून, थोडक्यात)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. वय ३६. फाट्यावर भाड्याच्या गाळ्यात कृषी केंद्र चालवतो. वडील जाऊन दोन वर्षं झाली. गावठाणाला लागून त्यांनी घेतलेला ४० बाय ८४ फुटांचा अकृषक प्लॉट आहे. सात-बाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं आहेत. त्या प्लॉटवर मला घर, समोर रस्त्याला दोन गाळे, मागे खता-औषधांचं गोदाम आणि गुरांचा कोठा बांधायचा आहे. घराला १४ लाख आणि गाळे-गोदामाला ४ लाख असा अंदाज आहे. दादा त्याच्या वाट्यावर पाच-सात वर्षांनी बांधणार आहे.

तालुक्याचे इंजिनिअर म्हणतात, बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन अर्जात सगळं एकत्र टाका, एकदाच काय ते होऊन जाईल. सेतू केंद्र चालवणारा चुलतभाऊ म्हणतो, प्लॉटचे दोन भाग दाखवून दोन फाइली लाव, म्हणजे नगररचनेकडे जायचं कामच नाही, ग्रामपंचायत दहा दिवसांत देते, आणि कामगार उपकरही वाचतो. पुण्याचा भाचा म्हणतो, एकत्रित परवाना घेतला की वीज-पाणी सगळं त्यातच येतं, त्यानं व्हिडिओ पाहिला आहे. दादा म्हणतो, एकाच फाइलीत सगळं गेलं तर वाटणीच्या वेळी माझ्या हाती काय राहील? एक फाइल केली तर दादा दुखावतो, दोन केल्या तर खर्च आणि फेऱ्या वाढतात. काय करावं?

उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्हाला चौघांनी चार सल्ले दिले, आणि चौघांच्याही मनात वेगवेगळा प्रश्न आहे. इंजिनिअर त्यांचं काम कसं उरकेल ते सांगताहेत. चुलतभाऊ कोणतं कार्यालय टाळता येईल ते सांगतोय. भाच्यानं जे पाहिलं ते आपल्या राज्यातलं नाही. दादा मात्र परवानगीबद्दल बोलतच नाही, तो वाटणीबद्दल बोलतोय. ‘एकत्र की वेगळा’ हा अर्जातला पर्याय तुम्हाला सगळ्यात मोठा वाटतो आहे. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी यावा. त्याआधीच्या गोष्टी ठरल्या की त्याचं उत्तर आपोआप निघतं.

चुलतभावाच्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण अडचणीत आणणारा तोच आहे. त्याचं गणित कुठून आलं ते मला कळलं. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे युनिफाइड डीसीआर म्हणतात, ३ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. त्यानंतर २०२१ साली ग्रामविकास विभागानं गावांसाठी सोपी पद्धत जाहीर केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर बांधायचं असेल तर मालकीचे कागद, नकाशे, ते नियमात बसतात असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्काचा भरणा ग्रामपंचायतीकडे द्यायचा. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठी ग्रामपंचायत दहा दिवसांत बांधकामाचं प्रमाणपत्र देते. त्याहून मोठा प्लॉट असेल तर नगररचनेची परवानगी लागते.

तुमचा प्लॉट ३३६० चौरस फूट, म्हणजे ३१२ चौरस मीटर. तीनशेच्या वर, जेमतेम बारा मीटरनं. अर्धा केला की प्रत्येकी १५६ मीटर, आणि दोन्ही भाग दहा दिवसांच्या टप्प्यात बसतात. चुलतभावाची आकडेमोड बरोबर आहे. पण ही मर्यादा प्लॉटची आहे, बांधकामाची नाही. अर्ज दोन केले म्हणून प्लॉट दोन होत नाहीत. प्लॉटचे दोन तुकडे कागदावर यायला रीतसर पोटविभागणी मंजूर करून घ्यावी लागते. ती न करता ‘अ भाग’ आणि ‘ब भाग’ असे दोन अर्ज केले, तर दोन्ही अर्जांना सात-बारा एकच जोडला जाणार आणि मोजणीचा नकाशाही एकच. आज कुणाच्या लक्षात आलं नाही, तरी गृहकर्जासाठी बँकेचा वकील कागद बघेल तेव्हा लक्षात येईल. तोपर्यंत तुमचा स्लॅब पडलेला असेल.

कामगार उपकराचंही तसंच आहे. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का हा उपकर असतो. स्वतःच्या राहत्या घराला आधी १० लाखांपर्यंत सूट होती; नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५० लाख आहे. तुमचं घर १४ लाखांचं, म्हणजे त्या मर्यादेत आहे. गाळे-गोदाम मात्र राहतं घर नसल्यानं त्यांना ही सूट नाही, ते वेगळ्या फाइलीत टाकले तरीही. त्या ४ लाखांवर ४ हजार. फाइल दोन केल्यानं हा नियम बदलत नाही. हे पैसे अंदाजपत्रकात आजच धरा.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याचा भाचा पत्रात आहे, म्हणजे तुम्हाला बहीण आहे. सात-बाऱ्यावर मात्र आई, दादा आणि तुम्ही एवढीच नावं आहेत. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांनी स्वतः घेतलेल्या प्लॉटमध्ये आई, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचा सारखा हिस्सा येतो. ताईनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर प्रश्न मिटला. तिनं ‘मला काही नको’ असं चहा पिताना म्हटलं असेल, किंवा फेरफाराच्या वेळी तिचं नाव घालायचं राहून गेलं असेल, तर प्रश्न तसाच आहे. मी तुमच्या मनात पाप आहे असं म्हणत नाही. आपल्याकडे बहिणीचं नाव राहून जाणं इतकं सवयीचं झालं आहे की ते राहिलं हेही कुणाच्या लक्षात येत नाही. पण दोन भावांत प्लॉट कसा वाटायचा हे ठरवण्याआधी हिस्सेदार तीन आहेत की चार, ते ठरलं पाहिजे. ताईशी तुम्ही स्वतः बोला, भाच्याच्या मार्फत नको. तिला हिस्सा हवा असेल तर तो तिचा हक्क आहे, आणि नको असेल तर तेही तिनं नोंदणी कार्यालयात जाऊन, समजून सही करून सांगावं.

दादाकडे येऊ. बांधकाम परवानगीनं मालकी ठरत नाही, हे त्याला नीट समजावून सांगा. परवानगी तुमच्या एकट्याच्या नावानं निघाली म्हणून प्लॉट तुमचा होत नाही, आणि फाइल एकच होती म्हणून दादाचा हिस्सा बुडत नाही. अर्जाला सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतंच, म्हणजे त्याच्या सहीशिवाय फाइल हलणारही नाही.

तरीही दादाची भीती खोटी नाही. तो तिला फाइलीचं नाव देतोय, पण तुमचा आराखडा डोळ्यांसमोर आणून बघा. रस्त्याला लागून प्लॉटची रुंदी ४० फूट. तिथं तुमचे दोन गाळे. मधे घर, मागे गोदाम आणि कोठा. मग दादानं पाच-सात वर्षांनी कुठं बांधायचं? आणि तो त्याच्या दारापर्यंत कुठून जाणार? गावातल्या प्लॉटची किंमत फ्रंटला असते, मागच्या वीस फुटांना नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. शिवाय प्लॉटवर एकूण किती बांधता येईल याची मर्यादा असते. चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, अख्ख्या प्लॉटवर मोजतात. तुम्ही आधी बांधून जितकं वापराल तितकं त्यातून वजा होतं, आणि दादाच्या वाट्याला उरेल ते येतं. नकाशाच्या कागदावर क्षेत्रफळाचा तक्ता असतो, आपण सहसा तो बघतही नाही. त्यात प्लॉटचं क्षेत्र, अनुज्ञेय बांधकाम, प्रस्तावित बांधकाम आणि शिल्लक असे रकाने मांडलेले असतात. इंजिनिअरांना तो तक्ता दादाच्या समोर उघडून दाखवायला सांगा. शिल्लकच्या रकान्यातला आकडा दादाला कळला की अर्धा वाद मिटेल, किंवा खरा वाद सुरू होईल. दोन्ही चांगलंच.

मी तुमच्या जागी असते तर आधी वाटणीपत्र नोंदवलं असतं, मग पोटविभागणी मंजूर करून घेतली असती आणि त्यानंतर फक्त माझ्या हिश्श्यावर अर्ज केला असता. उभी विभागणी केली तर दोघांना २० बाय ८४ चा तुकडा आणि दोघांना सारखा फ्रंट. यात काही महिने जास्त जातील. पण मग १५६ मीटरचा स्वतंत्र प्लॉट खरोखर तुमचा असेल, आणि चुलतभाऊ सांगतो तो ग्रामपंचायतीचा टप्पा तुम्हाला काहीही न लपवता मिळू शकेल. समोर दुकान आहे हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा आणि त्या टप्प्यात ते चालतं का हे ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या. पोटविभागणीतल्या प्लॉटला किमान रुंदी आणि क्षेत्राच्या अटी असतात. वीस फूट म्हणजे सहा मीटरला थोडं वर, तेवढ्यानं भागतं का, हे इंजिनिअरांना सगळ्यात आधी बघायला लावा. ताईचा हिस्सा वेगळा काढायचा ठरला तर हे गणित पुन्हा मांडावं लागेल.

अटी बसल्या नाहीत, किंवा वाटणीची बोलणी आत्ता नको असं आईनं सांगितलं, तर दुसरी वाट आहे. सगळ्यांच्या संमतीनं एकच अर्ज करा, पण तुमचं बांधकाम प्लॉटच्या एका उभ्या अर्ध्या भागातच आखा. दादाची बाजू नकाशात मोकळी ठेवा आणि चटई क्षेत्रही निम्म्याच्या आत वापरा. दोनऐवजी एकच गाळा होईल. तो फाट्यावरच्या भाड्याच्या गाळ्यापेक्षा मोठा झाला तरी तुमचं काम भागतं.

एकत्र अर्जात दादाचं भावी घर आत्ताच दाखवून टाकू, असं इंजिनिअर सुचवतील. त्याचा उपयोग नाही. परवानगी एक वर्षासाठी असते, दरवर्षी नूतनीकरण करत जास्तीत जास्त चार वर्षं चालते. दादाला बांधायचं आहे पाच-सात वर्षांनी. त्याच्या घराचं शुल्क आज भरायचं आणि परवानगी त्याच्या कामाआधीच संपायची, हा फुकटचा खर्च. इथं एक साधा ठोकताळा सगळ्यांनाच वापरता येईल. एकाच मालकाचं, चार वर्षांत पुरं होणारं आणि एकमेकांना भिंतीनं जोडलेलं बांधकाम एका अर्जात घ्यावं. मालक वेगळा असेल, किंवा काम लांबचं असेल, तर अर्ज वेगळा. नंतरच्या अर्जात आधीचं बांधकाम ‘अस्तित्वातील’ म्हणून दाखवावंच लागतं, त्यामुळे आज मंजूर झालेला नकाशा जपून ठेवा.

या ठोकताळ्यानं तुमचं घर आणि पुढचा गाळा एकाच अर्जात जातात. अनेकांना वाटतं की गाळ्यात त्रुटी निघाली तर घरही अडकेल. ते खरं आहे, एका फाइलीतली त्रुटी सगळ्या फाइलीला थांबवते. दुकानासाठी रस्त्याची रुंदी बघतात, आणि रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा यावर किती जागा सोडायची ते ठरतं. हे आधी तपासून घेतलं तर अडण्याचं कारण उरत नाही. घर आधी पुरं झालं आणि गाळ्याचं शटर, फरशी राहिली, तर घरापुरता भाग-भोगवटा, म्हणजे तेवढा भाग वापरायचा दाखला, मागता येतो. म्हणजे गाळ्यासाठी गृहप्रवेश थांबवायची गरज नाही.

जोडून बांधायचं ते एकत्रच आखा, असं मी ठासून सांगते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कागदाचं नाही, आपल्या काळ्या मातीचं आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आधी घर बांधलं, दोन वर्षांनी वेगळ्या फाइलीत त्याला टेकून गाळा काढला, गाळ्याचा पाया दोन फूट उथळ घेतला, की दोन्ही पाये आपापल्या चालीनं हलतात. कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेत फिरा. जुन्या भिंतीला नवीन भिंत जिथं भिडते तिथं छतापासून जोत्यापर्यंत उभी चीर दिसेल, वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेली. दर उन्हाळ्यात तिच्यात सिमेंट भरतात आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा उघडते. फाइली दोन झाल्या तरी पाया एकाच माणसाकडून, एकाच वेळी आखून घ्या. पुढे वरचा मजला चढवायचा विचार असेल तर कॉलम आणि पाया त्या हिशेबानं आजच घ्या. परवानगी नंतर मागता येते, पाया नंतर वाढवता येत नाही. दादाचं घर कॉमन भिंतीनं जोडून येणार असेल तर तेही संरचना अभियंत्याला सांगा. तो दोन्ही पायांमध्ये फट कुठं ठेवायची ते सांगेल.

गोदामाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तुम्ही ते घरामागे धरलं आहे. खताची पोती एक वेळ ठीक. कीटकनाशकं घराच्या आवारात, झोपायच्या खोलीच्या खिडकीमागे नकोत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट आहे की औषधं इतर मालापासून दूर, वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवायची. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले. ती फवारणीतली विषबाधा होती, साठ्यातली नव्हती, हे मला माहीत आहे. पण औषध हातापायाच्या कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही रोज हाताळता म्हणून तुम्हाला वास येईनासा झाला असेल. घरात आई आहे, लेकरं असतील. माझा सल्ला असा की औषधांचा साठा फाट्यावरच्या गाळ्यातच राहू द्या, भाडं पडलं तरी चालेल. नव्या गाळ्यात फक्त विक्रीपुरता माल, बंद कपाटात. आणखी एक लक्षात ठेवा. खत, बियाणं, औषध यांचे परवाने जागेला बांधलेले असतात. नव्या गाळ्यात दुकान हलवण्याआधी कृषी विभागाकडे परवान्यावरचा पत्ता बदलून घ्यावा लागेल. बांधकाम परवानगी त्याची जागा घेत नाही.

गोदाम वावरात टाका, तिथं परवानगी लागत नाही, असंही कुणीतरी सुचवेल. तेवढं करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला शेतीच्या जमिनीवर शेतीच्या कामाची इमारत बांधता येते. अवजारं, चारा, खत, स्वतःचा शेतमाल ठेवणं, गुरं बांधणं, घरच्या माणसांनी राहणं, एवढं त्यात बसतं. विकायला आणलेला दुकानाचा माल त्यात बसत नाही, तो अकृषक वापर ठरतो. पण यातूनच तुमचा एक प्रश्न सुटतो. कोठा प्लॉटवर कशाला हवा? तो वावरात, विहिरीजवळ, टिनाचं छप्पर घालून बांधा. तो त्या कलमात बसतो, या फाइलीत त्याचं नावही येत नाही, आणि प्लॉटवरची जागा व चटई क्षेत्र दोन्ही वाचतं. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत वा लगत, किंवा प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात वावर असेल तर हे कलम असंच्या असं लागू होत नाही, म्हणून तुम्हीही बांधण्याआधी तहसीलमध्ये विचारून घ्या.

भाच्यानं व्हिडिओत पाहिलं तेही खोटं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत ऑनलाइन अर्ज करताना घराचा एकत्रित परवाना मागता येतो. त्यात बांधकामाबरोबर वायरिंग, नळकाम, वातानुकूलनाची कामं येतात, आणि तीच कामं सुटी करायची असतील तर प्रत्येकाचा वेगळा परवाना. आपल्याकडे तशी रचना नाही. वीज महावितरणकडे वेगळी मागायची, घराला घरगुती आणि गाळ्याला व्यापारी अशी दोन मीटरं. वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल जोडायचा. शेतपंपाच्या जोडणीवरून बांधकामाला वीज ओढायचा मोह गावात सगळ्यांना होतो, तो टाळा आणि बांधकामासाठी तात्पुरती जोडणी घ्या. नळजोडणी ग्रामपंचायतीची. यातलं काहीही फाइल एक केल्यानं कमी होत नाही किंवा दोन केल्यानं वाढत नाही.

ऑनलाइन अर्ज प्रत्यक्षात कसा जातो तेही समजून घ्या, कारण तिथं मालकाला बाजूला ठेवायची पद्धत पडली आहे. अर्ज तुमचे इंजिनिअर त्यांच्या लॉगिनमधून भरतात. नकाशा संगणकावर तपासला जातो, त्यासाठी प्लॉटची हद्द, सोडलेली जागा, इमारत हे सगळं ठरावीक पद्धतीनं काढावं लागतं. छापील नकाशात नवीन काम लाल रंगात आणि पाडायचं काम पिवळ्या रेघांत दाखवतात. तुमच्या प्लॉटवर जुनी खोली, हौद, शेजाऱ्याचं आत आलेलं टिन असं काही असेल तर ते नकाशात आलं आहे का, हे तुम्ही स्वतः बघा. इंजिनिअर अनेकदा जुन्या मोजणीवरून घरी बसून नकाशा काढतात. अर्जात मोबाइल नंबर तुमचा घाला, इंजिनिअरांचा किंवा सेतू केंद्राचा नको. त्रुटी निघाली की निरोप त्या नंबरवर येतो, आणि दुसऱ्याच्या फोनवर आलेला निरोप तुमच्यापर्यंत येईस्तोवर मुदत उलटलेली असते. अर्ज क्रमांक, शुल्काची पावती आणि मंजूर नकाशाची फाइल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर मागून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की ते तपासणीसाठी कळवायचं असतं, गावात हे सर्रास राहून जातं आणि भोगवटा मागताना अडतं. मिस्त्रीला सांगून ठेवा की जोतं झालं की पुढची वीट तुमच्या निरोपाशिवाय लावायची नाही.

असंच कोडं पडलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. घरकुल मंजूर असेल तर ते कधीही दुसऱ्या बांधकामात मिसळू नका. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान हप्त्यांनी मिळतं, आणि प्रत्येक टप्प्यावर जागेच्या नोंदीसह फोटो घेतात. भावाच्या मोठ्या घराच्या एका खोलीला घरकुल म्हणून दाखवायला गेलात तर दोघांचंही अडकतं. दुसरं गावठाणातल्यांसाठी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी सुरू झाली. तुमच्या गावाची मिळकत पत्रिका निघाली असेल तर अर्जाला तीच जोडा.

तुम्ही पत्र दिवाळीच्या सुमारास लिहिलं आहे. ताईशी आणि दादाशी बोलणं या महिन्यात झालं, वाटणीपत्र संक्रांतीच्या आसपास नोंदवलं, तर काम यंदाच्या उन्हाळ्यात सुरू होईल असं मी सांगणार नाही. पोटविभागणीला वेळ लागतो. ती लांबली तर मृगाच्या तोंडावर घाईनं पाया खोदू नका. काळ्या मातीत उघडा खड्डा पावसात सापडला की बाजू ढासळतात आणि तळ मऊ होतो, मग तो पुन्हा खोदून मुरूम भरावा लागतो. त्यापेक्षा पीक निघाल्यावर, जमीन वाळली की सुरुवात करा. तोवर रेती-गिट्टीचे दर आणि मिस्त्री ठरवून ठेवता येतील.

अर्ज गेल्यावर त्रुटीपत्र आलं तर त्यावरची नावं आणि गट नंबर झाकून मला प्रत पाठवा. त्यातला कुठला मुद्दा इंजिनिअरांनी सोडवायचा आणि कुठला तुम्ही घरात बसून, ते मी लिहीन.